सोळावी नोंद

चार शनिवारांत मी सोळा नोंदी घेतल्या. पंधरा नियमात बसल्या, एक बसली नाही. तीही मी तक्त्यात लिहिली आणि शेजारच्या गॅरेजमधली बावीस वर्षांची तालीम बंद झाली. सांगायचं तर एवढंच आहे. पण पत्नी फोनवर अजून विचारते, तुम्ही असं का केलंत, आणि दर वेळी माझं उत्तर थोडं वेगळं येतं. म्हणून एकदा क्रमाने लिहून काढतो.

मी ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहतो. पाइपलाइनमधला नैसर्गिक वायू एका कंपनीकडून दुसरीकडे जातो तिथे तो मोजला जातो. ते मीटर बरोबर मोजतात की नाही हे तपासणं माझं काम. सव्वीस वर्षं तेच करतो आहे. घर चार बेडरूमचं आहे आणि सध्या त्यात मी एकटा असतो. मुलगी नोकरीसाठी सिॲटलला. पत्नी नागपूरला. सासूबाई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि पत्नी एकुलती एक, म्हणून दोन महिन्यांसाठी गेली. आता एकोणीस महिने झाले. आमचं भांडण वगैरे काही नाही. मी सकाळी कामावर निघण्याआधी आणि तिचा संध्याकाळचा चहा झाल्यावर आम्ही बोलतो. सासूबाई आज किती पावलं चालल्या ते ती सांगते, मी काय जेवलो ते मी सांगतो. वीस मिनिटांत आटपतं.

आठवड्यात सगळ्यात लांब वेळ शनिवारच्या दुपारची. पूर्वी त्या वेळेचं अस्तित्वच जाणवायचं नाही. मुलीचा डान्स क्लास, इंडियन स्टोअर, मराठी मंडळाचं काहीतरी. अकरा वर्षं आम्ही या घरात आहोत, पण शनिवारी दुपारी घरात असायचोच नाही. त्यामुळे शेजारच्या घरात तीन ते सहा वाद्यं वाजतात हे मला लोकांकडून माहीत होतं, कानांनी नव्हे.

पत्नी गेल्यावर दुसऱ्या महिन्यात ते कानांनी कळलं. जलतरंगासारखा नाद, पण लोखंडी आणि पुष्कळ मोठा, त्याखाली काहीतरी जाड घुमणारं. एकच दहा-बारा सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा. मी मोजलं, एकतीस वेळा. मग चपला घालून तिकडे गेलो. तक्रार करायला नाही, हे खरं आहे. किती वाजेपर्यंत चालणार ते विचारायला.

गॅरेजचं दार वर केलेलं होतं. आत नऊ माणसं होती, बहुतेक जण तेलाच्या पिंपांपासून केलेली स्टील पॅन वाजवत होते. पिंपाचा तळ ठोकून वाटीसारखा खोल करतात आणि त्यात सुरांचे उंचवटे काढतात. आखूड पिंपांत वरचे सूर, पूर्ण उंचीच्या पिंपांत खर्ज. त्या नऊ जणांच्या समोर उभं राहून हात हलवणारं कुणी नव्हतं. आतलं, स्वयंपाकघरात उघडणारं दार उघडं होतं आणि तिकडून बाईचा आवाज आला, "डावीकडून दुसरा. झोपलास का?" सगळे थांबले. डावीकडून दुसरा माणूस हसला. मग त्या बाहेर आल्या, हातात लाकडी डाव. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, निवृत्त नर्स, त्रिनिदादच्या. एवढं मला नंतर कळलं.

मी विचारलं, "हे किती वाजेपर्यंत चालतं?"

त्या म्हणाल्या, "नेबर, तू जेवलास का?"

मी खरं ते सांगितलं. जेवलो नव्हतो. त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवून ताटली भरून भात दिला. एकाच भांड्यात शिजवलेला, तपकिरी रंगाचा, चिकन आणि हिरवे दाणे घातलेला. त्याला त्या पेलाव म्हणत. दाणा तोंडात टाकला आणि मी थांबलो. तुरीचे दाणे होते. नागपूरकडे आम्ही त्याला सोले म्हणतो. थंडीत आई सोल्यांचा भात करायची. मी त्यांना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तू उशिराच आलास. अकरा वर्षं मी हे तुझ्या कुंपणापलीकडे शिजवते आहे." तेव्हापासून मी त्यांना आंटी म्हणू लागलो आणि त्या मला आजही नेबरच म्हणतात.

त्यानंतर मी दर शनिवारी जात असे. आधी नुसता बसायचो. आंटींचे यजमान तेलाच्या धंद्यातले, चाळीस वर्षांपूर्वी इकडे आलेले. पहिलं पॅन त्यांनी टाकून दिलेल्या पिंपातून स्वतः ठोकून काढलं होतं. त्यांच्या गावी लेंट या ख्रिस्ती उपवासकाळाच्या आधीचे दोन दिवस सगळं शहर रस्त्यावर उतरतं, वाद्यं ढकलगाड्यांवर आणि ट्रकवर, माणसं मागे चालत नाचत. इथे ते दिवस कामाचे, म्हणून इकडच्या कॅरिबियन बेटवाल्यांनी आपला कार्निव्हल जुलैतल्या एका शनिवारी ठेवला. त्या एका दिवसासाठी वर्षभर तालीम. यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. मुलगे फ्लोरिडाला आणि टोरांटोला, पॅनला हात न लावणारे. आंटींनी तालीम एकदाही रद्द केली नाही. यजमान गेल्यानंतरच्या शनिवारीसुद्धा भात शिजला आणि पॅन वाजली.

पथकात नऊ जण होते आणि त्यांचं सरासरी वय एकसष्ट होतं. हे मी काढलं म्हणून खर्ज वाजवणारा गडी माझ्यावर खूश झाला. तो ग्रेनाडाचा, शाळेची बस चालवणारा, सहा फूट चार इंच. "याला मीटर म्हणा," तो म्हणाला, आणि तेव्हापासून मी मीटर झालो. एकदा त्याने विचारलं, तुमच्याकडे मिरवणुकीत काय वाजवतात? मी म्हटलं, ढोल आणि ताशा.

"टासा? टासा आमचा."

"ताशा आमचा आहे."

"तुमचा कधीपासून? त्रिनिदादच्या लग्नात बघ जाऊन."

"तिथे नेला कुणी?"

"नेला असेल. आता परत मिळणार नाही." स्वयंपाकघरातून आंटी ओरडल्या की टासाचं काय ते नंतर ठरवा, खर्ज मागे पडतोय.

मी वाजवू लागलो ते असं. बसल्या बसल्या टेबलावर बोटं चालत. आंटी दारात येऊन बघत राहिल्या. म्हणाल्या, "तू आत एक-दोन-तीन-चार म्हणतोस का?" मी म्हटलं, हो, आपोआप. त्यांनी कोपऱ्यातून गाडीचा जुना ब्रेक ड्रम आणला, लोखंडाचा, जड, आणि दोन सळया. याला ते आयर्न म्हणतात. यात सूर नाही. एकसारखा ठोका धरायचा, बाकी सगळे त्यावर चालतात. यजमान आयर्न वाजवायचे. सहा वर्षं ती जागा ज्याला वेळ असेल त्याने भरलेली. आंटी म्हणाल्या, "लोक पॅन ऐकतात, नेबर. चालतात मात्र आयर्नवर." माझ्यामुळे पथकाचं सरासरी वय साठ पूर्णांक एकवर आलं.

मी चांगला वादक नाही. पण ठोका सोडत नाही. त्या तीन तासांत मला दुसरं काही मोजावं लागत नसे, आणि रात्री झोप लागायची. पत्नीला सांगितलं तर ती हसली. "मंडळाच्या ढोल पथकात या म्हणून लोक मागे लागले होते, तेव्हा तुम्ही रजिस्ट्रेशनच्या टेबलावर बसलात. आणि आता ब्रेक ड्रम?"

"तिथे कुणी जेवलास का विचारलं नव्हतं," मी म्हटलं. मी ते बोलायला नको होतं.

यंदा मार्चमध्ये आंटींच्या पलीकडच्या घरात नवीन मालक आले. ते हॉस्पिटलमध्ये रात्रपाळी करतात आणि शनिवारी दुपारी झोपतात. वाईट माणूस नाही. त्यांनी आधी येऊन विचारलंही होतं की वेळ बदलता येईल का. बदलता येत नव्हती, सहा जण रविवारी चर्चमध्ये आणि तिघे कामावर. तेव्हा त्यांनी आमच्या वसाहतीच्या असोसिएशनकडे लेखी तक्रार केली. असोसिएशनचं आंटींना पत्र आलं: नियमाप्रमाणे दिवसा हद्दीवरचा आवाज पंच्याहत्तर डेसिबलच्या वर जाता कामा नये. तो जात नाही हे मेच्या सभेत दाखवावं, नाहीतर तालीम इतरत्र हलवावी.

इतरत्र हलवणं आंटींना शक्य नव्हतं. त्यांच्या डोळ्यांच्या मध्यभागी डाग पडलेला आहे, बाजूचं दिसतं पण समोरचं नाही. गाडी चालवणं दोन वर्षांपूर्वी सुटलं. गॅरेज गेलं तर पॅन जाणार, आणि पॅनमागे ज्यांना जाता येणार नाही अशा एकट्या त्याच. हे सगळ्यांना कळत होतं.

आंटींनी ते पत्र माझ्यासमोर ठेवलं. "तू मोजण्याचंच काम करतोस ना? आम्हाला मोज."

मी ते मनापासून केलं. फोनवरच्या ॲपला मी मोजमाप मानत नाही. चांगला ध्वनिमापक आणला, तो प्रमाणित करून घेतला. हद्दीवर चार जागा ठरवल्या, जमिनीत लाकडी खुंट्या ठोकल्या, म्हणजे दर वेळी त्याच जागी उभं राहता येईल. चार जागा, चार शनिवार, सोळा नोंदी. तक्त्यात वेळ, वारा, तापमान, दार उघडं की बंद, आणि कोणकोणती वाद्यं चालू. दार बंद करूनही पाहिलं होतं. आवाज पुष्कळ उतरला, पण वीस मिनिटांत आत एकशे चार फॅरनहाइट झालं आणि एका बाईंना बाहेर खुर्चीवर बसवावं लागलं. तो मार्ग तिथेच संपला.

तीन शनिवारांच्या बारा नोंदींत सगळ्यात मोठा आकडा त्र्याहत्तर होता. गुरुवारी गवत कापणारे येतात, त्यांचं पानं उडवायचं यंत्र मी गंमत म्हणून मोजलं, ते एक्क्याऐंशी निघालं. पण त्याला नियमातून सूट आहे. बस ड्रायव्हर म्हणाला, "मग आपण पॅन वाजवताना पानंही उडवूया." त्या तीन आठवड्यांत गॅरेजमध्ये सगळे जरा मोकळेपणी हसत होते.

चौथ्या शनिवारी तीन नोंदी झाल्या. त्र्याहत्तर, एकाहत्तर, बहात्तर. शेवटची राहिली होती. मी चौथ्या खुंटीपाशी उभा होतो आणि वाद्यांचा रकाना भरत होतो. टेनर पॅन चार, सेकंड दोन, खर्ज एक, ढोल एक, खुळखुळा एक. लिहिताना हात थांबला. आयर्न कुठे आहे? आयर्न गॅरेजमध्ये स्टँडवर होतं आणि ते वाजवणारा इथे मापक धरून उभा होता. पंधरा नोंदींत आयर्न नव्हतं. म्हणजे मी ज्या पथकाचं मोजमाप घेतलं ते पथक शनिवारी कधी वाजतच नव्हतं.

मला आजही आश्चर्य वाटतं की सव्वीस वर्षं हे काम करणाऱ्याच्या हे चौथ्या शनिवारी लक्षात यावं. एखाद्या नव्या इंजिनिअरने असं केलं असतं तर मी त्याला पहिल्या दिवशीच थांबवलं असतं.

मापक तिपाईवर ठेवला, सर्वोच्च आकडा धरून ठेवायला लावला, गॅरेजमध्ये गेलो आणि सळया उचलल्या. जरा हळू वाजवावं असं मनात आलं. मी तसं केलं नाही. नेहमीसारखं वाजवलं. गाणं संपल्यावर जाऊन पाहिलं. अठ्ठ्याहत्तर. मापक शून्यावर आणून पुन्हा एकदा तेच केलं. अठ्ठ्याहत्तर. त्र्याहत्तर आणि अठ्ठ्याहत्तरमध्ये पाचच आकड्यांचं अंतर दिसतं, पण डेसिबलचं गणित वेगळं असतं. आवाजाची ऊर्जा तिपटीहून जास्त झाली होती. ती सगळी वाढ माझ्या दोन हातांतून.

तालीम संपल्यावर बाकीचे गेले. आंटी, बस ड्रायव्हर आणि मी स्वयंपाकघरात होतो. मी तक्ता टेबलावर ठेवून सगळं सांगितलं.

बस ड्रायव्हर म्हणाला, "सोळावी कागदावर घालू नकोस."

"तक्ता सोळा नोंदींचा आहे."

"पंधराचा कर. पंधरा हा आकडा तुला आवडत नाही का?"

"मग ते खोटं होईल."

"पंधराही खऱ्याच आहेत ना, मीटर? तू उभा होतास, तू मोजल्या."

मी म्हटलं, दुसरा मार्ग आहे. मी आयर्न सोडतो. तुम्ही नुसती पॅन वाजवा, मग त्र्याहत्तर खरं ठरेल. हे मी मनापासून म्हणत होतो की कुणीतरी नाही म्हणावं म्हणून, मला सांगता येत नाही.

आंटी भांडं घासत होत्या, पाठ आमच्याकडे. "आयर्न काढलं तर लोकांनी रस्त्यावर चालायचं कशावर?" त्या म्हणाल्या. "आणि माझ्या नवऱ्याने या गॅरेजमधून कुणाला घालवलं नाही. दारू पिऊन येणाऱ्यालाही नाही. मी तुझ्यापासून सुरुवात करणार नाही."

"मग काय करू?"

त्यांनी नळ बंद केला. "ते तू ठरव, नेबर. मोजलंस तू."

त्यांनी 'घालू नकोस' म्हटलं असतं तर मी घातली नसती. हे मी पुष्कळदा तपासून पाहिलं आहे. नसतीच घातली. त्या म्हणाल्या नाहीत, आणि मी घरी जाऊन सोळा ओळींचा तक्ता छापला.

सभा मंगळवारी संध्याकाळी स्विमिंग पुलाशेजारच्या खोलीत होती. अध्यक्ष निवृत्त गृहस्थ, सभ्य. तक्ता त्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले की इतकं व्यवस्थित काम इथे कुणी आणून दिलेलं नाही. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"यात सगळी वाद्यं आहेत?"

"हो."

"आणि वरच्या पंधरांत हे एक नाही."

"नाही."

"शनिवारी नेहमी कसं असतं? वरच्यासारखं की या शेवटच्यासारखं?"

"शेवटच्यासारखं," मी म्हणालो.

ते सगळं अकरा मिनिटांत झालं. रात्रपाळीचे शेजारी तिथे होते. त्यांनी बाहेर पडताना माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुम्ही हे लपवू शकला असता." माझे आभार मानणारे ते एकटेच. आंटी माझ्या गाडीत बसून घरी आल्या. वाटेत त्यांनी एकदा मला सिग्नल हिरवा झाल्याचं सांगितलं. त्यांना तो बाजूने दिसला होता आणि मला समोरून दिसला नव्हता.

सकाळी पत्नीला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला सोळावी घ्यायला सांगितलं कुणी होतं?"

"सोळा ठरल्या होत्या."

"कुणी ठरवल्या?"

"मीच."

"मग?" ती म्हणाली. मागे सासूबाई कुणालातरी हाक मारत होत्या. "आई बोलावते. उद्या बोलू."

पॅन एका ट्रकमध्ये भरून ह्यूस्टनच्या दुसऱ्या टोकाला गेली. बस ड्रायव्हरच्या ओळखीने गोदामांच्या भागात एक हॉल मिळाला. माझ्या दारापासून चौतीस मैल. आजूबाजूला कुणी राहत नाही, ही त्या जागेची सोय. कुणाची झोप मोडत नाही. कुणी चपला घालून किती वाजेपर्यंत चालणार म्हणून विचारायलाही येत नाही. मी तसाच आलो होतो, म्हणून मला ते दिसतं. बाकीच्यांना हॉल आवडला आहे, एसी आहे.

आंटींना मी नेत असे. चौतीस मैल जाताना आणि चौतीस येताना. पहिल्या शनिवारी त्या भात घरून शिजवून घेऊन आल्या, टॉवेलात गुंडाळून. तिथे स्वयंपाकघर नाही, एक सिंक आहे. त्यांना समोर खुर्ची दिली. बावीस वर्षं त्या कधी समोर बसल्या नव्हत्या. साखर तेलात जाळायची, ती तपकिरीची काळी व्हायच्या ऐन आधी चिकन घालायचं, आणि ते करताना दारातून येणारा आवाज ऐकायचा, अशी त्यांची पद्धत. मी ती साखर घड्याळ लावून मोजली होती. कधी एक मिनिट पन्नास सेकंद, कधी दोन वीस. त्या वासावर ठरवायच्या. कोण मागे पडलं तेही असंच कशावरून तरी ठरवायच्या. हॉलमध्ये खुर्चीवर बसून त्या तीन शनिवार गप्प राहिल्या. तिसऱ्या शनिवारी बस ड्रायव्हर एका तुकड्यात दोनदा चुकला, मुद्दाम, असा माझा अंदाज आहे. आंटी काही बोलल्या नाहीत.

परत येताना म्हणाल्या, "मला तिथे काही ऐकू येत नाही. सगळं एकदम ऐकू येतं."

"खुर्ची मागे ठेवू. दाराबाहेर."

"दाराबाहेर काय आहे, नेबर? पार्किंग."

चौथ्या शनिवारी मी बेल वाजवली तेव्हा त्या घरच्या कपड्यांत होत्या. तू जा, म्हणाल्या, तुझ्याशिवाय ते पळत सुटतील. मी गेलो. तिथे आता जेवायला पिझ्झा मागवतात. वाईट नसतो.

जुलैत कार्निव्हल झाला. आमचं पथक ट्रकवर होतं, तीन तास चाळीस मिनिटं. मागे माणसांची रांग, पिसं लावलेल्या बायका, खांद्यावर मुलं, झेंडे, दोन्ही बाजूंना भाजणाऱ्या मक्याचा धूर. मी खाली बघत वाजवत होतो. एकदा मान वर केली तर पाय दिसले, शेकडो, आणि ते माझ्या ठोक्यावर पडत होते. हे आंटींना दिसलं नसतंच, पण ऐकू आलं असतं. मध्ये थांबलो तेव्हा मी त्यांना फोन लावला आणि चालू ठेवून ट्रकच्या कठड्यावर ठेवला. परत वाजवायला लागलो. वीसेक सेकंदांनी बघतो तर त्यांनी ठेवून दिला होता.

सहा वाजता उन्हं होती तेव्हाच त्यांच्याकडे गेलो. हातांना मुंग्या येत होत्या. गॅरेजचं दार बंद होतं. मी स्वयंपाकघराच्या दाराने आत गेलो. ओट्यावर मोठं भांडं होतं, दहा जणांचं, आणि ते भरलेलं होतं.

"फोनमध्ये सगळं पत्र्यासारखं येतं," त्या म्हणाल्या. "म्हणून ठेवला. बस."

त्यांनी दोन ताटल्या केल्या. मी खायला लागलो तशा त्या समोर बसल्या. मग म्हणाल्या, "चाल किती होती?"

त्यांना खरं हवं होतं हे मला माहीत होतं. "सुरुवातीला मिनिटाला एकशे अठ्ठावीस ठोके."

"आणि शेवटी?"

"एकशे सदतीस."

"पळवलंस."

"हो. मला कळत होतं. गर्दी पुढे ढकलत होती."

"गर्दी ढकलतेच. मी इथून ओरडले असते."

"हो."

"खर्ज?"

"दोनदा मागे पडला."

"कुठे?" त्यांनी विचारलं. मी कुठे ते सांगितलं. त्यांनी काटा खाली ठेवून टेबलावर बोटांनी तो तुकडा वाजवला, सावकाश, तिथे ठोका जसा पडायला हवा होता त्या चालीत. मीही बोटं टेकवली. आम्ही तो दोनदा वाजवला. ओटा, टेबल आणि चार हात, त्याला कुठलाही नियम लागू नव्हता. मग त्यांनी हात मागे घेतला आणि उठून ताटल्या सिंकमध्ये ठेवल्या.

उरलेला भात त्यांनी डब्यांत भरला. आठ डबे झाले. कुणाकुणाचे ते त्या भरताना मनात म्हणत असाव्यात, ओठ हलत होते. सगळे भरल्यावर म्हणाल्या की येत्या शनिवारपर्यंत टिकणार नाही. चार त्यांनी स्वतःच्या फ्रीजमध्ये ठेवले, चार मला दिले.

घरी येऊन मी ते वरच्या फळीवर ओळीने लावले. रविवारी एक, सोमवारी एक. मंगळवारी पत्नीने फोनवर विचारलं, काय जेवलात, तर सांगितलं, पेलाव. अजून? ती म्हणाली. बुधवारी शेवटचा डबा संपला. तो घासून, पुसून, बाकीच्या तिन्हींबरोबर पिशवीत घालून मी दाराशी ठेवला आहे, परत द्यायला.